स्कार्बरोत राहायचं की लीड्सला जायचं?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी छत्तिशीतली बाई मूळची दापोली तालुक्यातली. इंग्लंडात यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्कार्बरो नावाच्या गावी ती हॉस्पिटलात नर्स आहे. नवरा आयटीतला, घरून काम करतो. मुलगा आठ वर्षांचा. दोन हिवाळे काढले, तिसरा सुरू झाला आहे. उन्हाळ्यात लंडन-बर्मिंगहॅमचे नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे एकामागून एक मुक्कामाला येतात, ‘तुमचं काय बुवा, बारा महिने सुट्टी’ म्हणतात, आणि ही रात्रपाळी करून आल्यावर पोळ्या लाटते. ऑक्टोबर सरला की गावाची दारं बंद. नवरा म्हणतो, ‘मेलेलं गाव आहे हे. लीड्सला जाऊ, तिथे आपली माणसं आहेत.’ लीड्सच्या एका हॉस्पिटलात जागाही निघाली आहे. मध्यंतरी बसस्टॉपवर एक माणूस तिच्यावर ‘परत जा’ म्हणून ओरडला. ते तिने घरी सांगितलेलं नाही. येत्या जुलैत सासू-सासरे पहिल्यांदाच दोन महिन्यांसाठी येत आहेत. ती विचारते: ‘मला समुद्र सोडवत नाही. पण खरं सांगायचं तर महिना-महिना मी समुद्रावर जातही नाही. मग मी कशासाठी अडून बसले आहे? राहावं की जावं?’

प्रिय मैत्रिणी,

राहावं की जावं, हे तुम्ही अगदी शेवटी विचारलंत. माझं लक्ष मात्र त्याच्या आधीच्या ओळीवर खिळलं. समुद्र पंधरा मिनिटांवर आहे, तुम्ही त्याच्यासाठी नवऱ्याशी वाद घालता आहात, आणि महिना-महिना तिकडे पाऊल पडत नाही. हा तुमचा दुटप्पीपणा आहे असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तुम्ही थकला आहात, आणि त्या समुद्राचा रस्ता तुमच्यासाठी पाहुण्यांच्या सरबराईतून जातो.

एक आठवून पाहा. दोन वर्षांत तुम्ही किल्ल्यावर, पीसहोम पार्कात, बंदरावर जेव्हा जेव्हा गेलात, त्यातल्या किती वेळा बरोबर पाहुणे नव्हते? यजमानीण म्हणून पाहिलेलं गाव म्हणजे फोटो कुठे काढायचा, गाडी कुठे लावायची, पोरांना शू कुठे करायला न्यायची. त्यात तुमचं असं काही उरत नाही. म्हणून तुमच्या नवऱ्याचं ‘मेलेलं गाव’ आणि पाहुण्यांचं ‘बारा महिने सुट्टी’ ही मला एकाच नजरेची दोन टोकं वाटतात. दोन्हीकडे गावाचं माप पर्यटकाच्या डोळ्यांनी घेतलंय.

हे गाव असं का आहे, ते थोडं सांगते, कारण ते कळलं की हिवाळ्यातल्या बंद दारांचा राग जरा कमी होतो. १६२६च्या सुमारास स्कार्बरोच्या किनाऱ्यावर खनिज पाण्याचा झरा सापडला. त्या पाण्याने दुखणी बरी होतात अशी ख्याती पसरली आणि बरी परिस्थिती असलेले लोक येऊ लागले. पुढे समुद्रस्नानही औषध म्हणून सांगितलं जाऊ लागलं. सुट्टीसाठी समुद्रावर जाण्याची चाल इंग्लंडात जिथे प्रथम रुजली, त्यांत हे गाव येतं. १८४५ साली यॉर्कहून रेल्वे आली आणि गिरण्यांतल्या कामगारांनाही समुद्र परवडू लागला. १८६७ साली उघडलेलं ग्रँड हॉटेल तुम्ही रोज पाहता: चार ऋतूंचे चार मनोरे, बारा महिन्यांचे बारा मजले, बावन्न आठवड्यांची बावन्न धुराडी आणि वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ खोल्या, असा त्याचा आराखडा सांगतात. तुमच्या स्टेशनावरचा तो ४५६ फूट लांबीचा बाकही सहलीच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्या गर्दीसाठीच. मग विमानं स्वस्त झाली, १९७०च्या दशकापासून लोक स्पेनच्या उन्हात जाऊ लागले, आणि इंग्लंडच्या सगळ्याच किनाऱ्यांवरची गावं ओसरली. बोर्डिंग हाऊसांचे भाड्याचे फ्लॅट झाले. कामं हंगामी उरली.

म्हणजे चारशे वर्षं हे गाव दुसऱ्यांच्या सुट्टीवर पोट भरत आलंय. नोव्हेंबरात शटर खाली दिसतं, कारण त्यामागच्या माणसाचा हंगाम संपला. तुम्ही दापोलीच्या आहात, तुम्हाला हे मी काय सांगायचं? पावसाळ्यात मुरुड-हर्णैची खानावळ बंद असते म्हणून मुरुड मेलं, असं तिथलं कुणी म्हणत नाही. तेव्हा लावणी चाललेली असते, होड्या शाकारलेल्या असतात, माणसं एकमेकांच्या पडवीत बसलेली असतात. पुण्याहून आलेल्याला ते दिसत नाही, कारण तो तेव्हा येतच नाही.

स्कार्बरोतही राहणाऱ्यांचं गाव थंडीतच वर येतं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, साउथ बेच्या वाळूवर कोळी विरुद्ध अग्निशमनवाले असा फुटबॉलचा सामना असतो. वर्षानुवर्षांची प्रथा आहे, आणि जमणारे पैसे गावातल्या गरजूंना जातात. फेब्रुवारी-मार्चात पॅनकेक डेला, म्हणजे ईस्टरच्या उपवासांआधीच्या मंगळवारी, फोरशोअर रोडवर लांबच लांब दोर घेऊन अख्खं गाव दोरीवरच्या उड्या मारतं, आज्यासुद्धा. तुमच्या मुलाच्या वर्गातली निम्मी पोरं तिथे असतील. २०२२च्या वर्षअखेरीस बंदराच्या धक्क्यावर एक वॉलरस येऊन झोपला, तर त्याची झोप मोडू नये म्हणून नववर्षाची आतषबाजी रद्द झाली होती! स्टीफन जोसेफ थिएटर हिवाळ्यातही चालू असतं. यातलं एकही मला तुमच्या पत्रात दिसलं नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. उन्हाळाभर माणसं येऊन तुमची शिदोरी संपवून गेली. हिवाळ्यासाठी काही उरलंच नाही.

आता नवऱ्याबद्दल. तुम्ही निदान वॉर्डात दहा माणसांशी बोलता. तो खोलीत स्क्रीनसमोर असतो. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो आणि चारच्या आत बुडतो. सकाळच्या मीटिंगला अंधार, लॅपटॉप मिटला की पुन्हा अंधार. अशा माणसाला कुठलंही गाव मेलेलंच वाटेल, लीड्ससुद्धा. तेव्हा त्याची तक्रार खोडून काढू नका, आणि तिचं औषध लीड्स आहे असंही लगेच धरू नका. त्याने जेवणाच्या सुट्टीत, उजेड असताना, रोज अर्धा तास बाहेर पडायचं. वारा असेल, पाऊस तिरका येईल, तरी. छत्री तिथे टिकत नाही, टोपीचं जाड जाकीट लागतं. हिवाळ्यात सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घेण्याचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्यांनी वर्षभर, हा तिथल्या आरोग्यसेवेचाच सल्ला आहे; तुम्ही नर्स आहात, पेशंटला सांगता ते घरात अमलात आणा. आणि उदासी जाकिटाने आणि गोळीने हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा. गाव बदलण्याआधी ते व्हायला हवं.

तुमच्यासाठी मी एकच गोष्ट सुचवते: आठवड्यातून एकदा समुद्रावर एकटीने जायचं. मुलगा नाही, नवरा नाही, फोन खिशात. रात्रपाळी संपल्यावर नव्हे, सुट्टीच्या दिवशी. भरती-ओहोटीची वेळ बघून जा. आपल्याकडे उधाणाला पाणी चढतं त्यापेक्षा तिथे बरंच जास्त, साडेचार मीटरच्या पुढे, चढतं-उतरतं. ओहोटीला कड्याखालून लांब गेलेली माणसं भरतीत अडकतात. आणि वादळी भरतीला तिथल्या मरीन ड्राइव्ह नावाच्या किनारी रस्त्यावर लाटा बघायला अजिबात जाऊ नका, तिथे लाट कठडा ओलांडून थेट रस्त्यावर येते. पाहुण्यांनाही हे निक्षून सांगा. लाटेला हुलकावणी देण्याच्या खेळात माणसांचे जीव गेले आहेत.

पाहुणे. याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. घर समुद्राजवळ आहे म्हणून ते नातलगांचं विश्रामगृह होत नाही. अतिथी घरी यावा हे मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पण लंडनला राहणाऱ्या चुलत दिराच्या मित्राचं कुटुंब ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला जोडून, चार दिवस तुमच्या बैठकीत अंथरूण घालतं, तेव्हा ते तुम्हाला भेटायला आलेलं नसतं. हॉटेलचे पैसे वाचवायला आलेलं असतं. ज्याला तुम्ही भेटायला हव्या असाल तो फेब्रुवारीतही येईल.

नोव्हेंबरातच, म्हणजे आत्ताच, ड्युटीचं वेळापत्रक समोर ठेवून पुढच्या उन्हाळ्यातले तुम्हाला झेपतील तेवढेच शनिवार-रविवार ठरवा. सासू-सासरे येणार आहेत हे तर आयतं कारण आहे. व्हॉट्सॲपवर साधं लिहा: ‘यंदा आई-बाबा येताहेत, घरात जागा नाही. तुम्ही जरूर या, जवळची राहायची ठिकाणं कळवते, एक संध्याकाळचं जेवण आमच्याकडे.’ हे नवऱ्याने लिहायचं, तुम्ही नव्हे, कारण बहुतेक पाहुणे त्याच्या बाजूचे आहेत. शिवाय सांगा की मे किंवा सप्टेंबरात या. गर्दी कमी, खोल्या स्वस्त, आणि सप्टेंबरात समुद्राचं पाणी मेपेक्षा ऊबदारही असतं. कुणी दुखावलं गेलं तर जाऊ द्या. जे येतील त्यांनी पोरांना घेऊन आपले आपण वाळूवर जायचं. जीवरक्षक असतात तेव्हा लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी फडकत असेल तर हवेच्या गाद्या, रबरी बदकं पाण्यात न्यायची नाहीत, वारा त्यांना आत ओढून नेतो. कुणी अडचणीत दिसलं तर स्वतः उडी न मारता ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. किनाऱ्यावरच्या फलकावर पाण्याची प्रत लिहिलेली असते, तीही वाचायची. एवढं एका संदेशात लिहून ठेवा, दर वेळी पुढे पाठवता येईल.

सासू-सासऱ्यांची गोष्ट वेगळी. ते खरंच तुम्हाला भेटायला येताहेत, आणि मला त्यांच्या येण्याची तुमच्याइतकीच काळजी वाटली. जुलै म्हणजे उन्हाळा, असं समजून ते सुती कपडे घेऊन येतील. दुपारीसुद्धा पारा बहुतेकदा २० अंशांच्या खालीच असतो, आणि लख्ख उजाडलेल्या दिवशी समुद्रावरून अचानक धुकं चढतं, ज्याला तिथले लोक सी फ्रेट म्हणतात. दहा मिनिटांत कानटोपी शोधावी लागते. दिवेलागण रात्री साडेनऊला आणि पहाट साडेचारला, त्यामुळे सासूबाईंची संध्याकाळच्या दिव्याची आणि झोपेची वेळ दोन्ही विस्कटणार. त्यांच्या खोलीला जाड काळे पडदे आधीच लावून घ्या. गाव चढ-उताराचं आहे, गुडघ्यांचा विचार करा. वरच्या गावातून वाळूपर्यंत उतरायला सेंट्रल ट्रामवे आहे, १८८१ पासूनची, तिचा उपयोग करा.

एक गोष्ट मात्र न विसरता सांगा. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्स बऱ्याच दुकानांत गाईच्या चरबीत तळतात, तेलात नव्हे. ‘नुसते बटाटेच आहेत’ म्हणून सासूबाई खातील, आणि नंतर कळलं तर त्यांचा सगळा प्रवास कडू होईल. दुकानात शिरतानाच विचारा. तेलात तळणारी दुकानंही आहेत, ती आधी हेरून ठेवा. घरी मासे होत असतील तर बंदरावर जा. तिथे आता मुख्यत्वे खेकडे आणि लॉबस्टरची मासेमारी चालते. तुमच्या हातचं कुर्ल्यांचं कालवण तिथल्या खेकड्याचं छान होईल. उन्हाळ्यात मॅकरल धरायला बंदरातून लहान बोटी सुटतात. चवीला तो आपल्या बांगड्याच्या जवळ जातो. चिप्सची पिशवी हातात असेल तर डोक्यावर लक्ष ठेवा, सीगल झडप घालतात.

प्रवासाचा विमा कसून पाहा. पाहुणे म्हणून आलेल्यांना अपघात विभागात तपासणी मोफत असली तरी दाखल व्हावं लागलं तर बिल येतं, आणि तेही नेहमीच्या दराच्या दीडपट. सासऱ्यांना बीपी-मधुमेह असेल तर विम्याच्या फॉर्मवर तसं स्पष्ट लिहायला लावा. लपवलं तर दावा नाकारतात.

आता लीड्स. नवऱ्याचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. मुलाला मराठी कानावर पडणं, गणपतीला चार घरं असणं, किराणा जवळ मिळणं, याला किंमत आहे. पण लीड्स तुमच्यापासून आगगाडीने सव्वा तासावर आहे. मुंबईत लोक रोज तेवढा प्रवास करून कामावर जातात. या हिवाळ्यात महिन्यातला एक रविवार लीड्सला घालवून पाहा, ठरवून, ठरलेल्या दोन-तीन कुटुंबांकडे. तीन महिन्यांनी तुम्हाला कळेल की ओढ माणसांची आहे की फक्त इथून निघण्याची. तिथल्या भाड्याचा हिशेब आणि रात्रपाळीनंतर घरी कसं यायचं, हेही त्याच फेऱ्यांत पाहून घ्या.

तिथल्या जागेसाठी अर्ज मात्र करा. अर्ज केला म्हणजे गेलात असं नाही, आणि मुलाखतीत बरंच कळतं. फक्त तुमचा व्हिसा एका मालकाच्या प्रायोजकत्वावर असेल, तर मालक बदलताना नवं प्रायोजकत्व आणि व्हिसाचा नवा अर्ज लागतो; तो मंजूर होण्याआधी इथला राजीनामा देऊ नका. नियमही बदलत असतात, सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा. आणखी एक वाट तुमच्या पत्रात नाही, ती सांगते. तुमचं हॉस्पिटल ज्या ट्रस्टचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या ज्या संस्थेचं, आहे त्याच ट्रस्टचं यॉर्कलाही मोठं हॉस्पिटल आहे. मालक तोच राहिला आणि काम तेच राहिलं तर साधारणपणे व्हिसाचा नवा अर्ज लागत नाही. एचआरला विचारून खात्री करा. यॉर्क म्हणजे मोठं शहर, लीड्स तिथून अर्ध्या तासाच्या आत आणि समुद्र पन्नास मिनिटांवर. दोघांचंही थोडं थोडं राहतं. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावांत असलेल्या मैत्रिणींनाही मी हेच सांगेन: आपल्या ट्रस्टची आणखी कुठे हॉस्पिटलं आहेत ते आधी पाहा.

बसस्टॉपवरचा माणूस मी शेवटी ठेवला, कारण तुम्हीही त्याला पत्रात एका ओळीत दडवलंत. राहण्या-जाण्याच्या तुमच्या प्रश्नात हाच सगळ्यात जड धोंडा असेल अशी मला शंका आहे. नवरा ‘आपली माणसं’ म्हणतो तेव्हा तुम्हाला तो स्टॉप आठवतो, आणि तुम्ही समुद्राबद्दल बोलू लागता. हे नवऱ्याला आजच सांगा. तो तुमच्या बाजूने उभा राहील, आणि निर्णय निदान दोघांच्या माहितीवर होईल. वॉर्ड मॅनेजरला सांगा. शिफ्टची वेळ पुढे-मागे करता येते, कुणाच्या गाडीतून येता येतं. पोलिसांना १०१ वर किंवा ऑनलाइन कळवा; वंशावरून कुणाला असं हिणवलं तर तो द्वेषमूलक गुन्हा ठरू शकतो. ‘एवढंसं तर होतं’ म्हणू नका. आणि ही भीती महिनोन्‌महिने तशीच राहिली, मुलाला शाळेत तसले अनुभव येऊ लागले, तर गाव सोडायला तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. मग समुद्राचा, माझा, कुणाचाच मुलाहिजा ठेवू नका. मात्र तशी माणसं मोठ्या शहरांतही भेटतात, हे गृहीत धरून निघा.

तर माझं मत विचाराल तर: हा हिवाळा तिथेच काढा, पण मागच्या दोन्हींपेक्षा वेगळा काढा. सासू-सासरे परतले की सप्टेंबरात तुम्ही दोघं बसून ठरवा, पाहुण्यांचा महापूर ओसरल्यावर, ऑगस्टच्या थकव्यात नव्हे.

आणि सासऱ्यांना क्रिकेटचं वेड असेल तर नॉर्थ मरीन रोडचं मैदान दाखवा. यॉर्कशायर उन्हाळ्यात काही सामने तिथे खेळतं, आणि याच यॉर्कशायरने १९९२ साली बाहेरच्या देशातला पहिला खेळाडू घेतला तो आपला सचिन, तेव्हा एकोणीस वर्षांचा. वेळापत्रक जाहीर झालं की तिकिटं लगेच काढा, बाकं लाकडी आहेत, बसायला उशी न्या, आणि त्या दिवशी तुमची ड्युटी लावून घेऊ नका.